डावीकडे दोन बोटं

१

स्टिअरिंग एका बाजूला ओढतंय अशी तक्रार आली, की मी आधी हवा तपासते. दहातल्या सहा गाड्या तिथंच बऱ्या होतात. मग टायरची झीज, मग खालचे सांधे आणि सगळ्यात शेवटी मशीन. हा क्रम अब्बांनी लावून दिलेला आहे. चंद्रपुरात मूल रोडवर आमचं चाकांच्या अलाइनमेंटचं दुकान आहे. चाळीस वर्षं लोक त्याला अब्बांच्या नावानं जहीरभाईचं दुकान म्हणत. चार वर्षांपासून ते मी चालवते. माझं नाव अरीबा.

इंदुताईंची गाडी एप्रिलमध्ये तिसऱ्यांदा आली, तेव्हाही मी हवेपासूनच सुरुवात केली.

इंदुताई आरमोरीच्या एका राइस मिलच्या मालकीणबाई. गाडी त्यांच्या यजमानांनी हौसेनं जुनीच विकत घेतलेली, साठ-पासष्ट वर्षांपूर्वीची विलायती. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण कंपनीचा यात काही दोष नाही. गर्द मरून रंग, आत सायीच्या रंगाचं चामडं आणि परातीएवढं पांढरं स्टिअरिंग. शेठ गेल्यावर ती वर्षातून पाच-सहा वेळाच बाहेर निघायची, तीही लटारूभाऊंच्या हातानं. शेठनी गाडी घेतली त्या दिवसापासून तेच तिचे ड्रायव्हर.

तक्रार एकच होती. गाडी डावीकडे ओढते. फार नाही, सरळ जायचं तर स्टिअरिंग दोन बोटं उजवीकडे दाबून धरावं लागतं.

चार वर्षांपूर्वी हीच तक्रार घेऊन ती अब्बांकडे आली होती. अब्बांनी दोन दिवस काम केलं, स्वतः चालवून पाहिली आणि गाडी चोख आहे म्हणून पाठवून दिली. परतीच्या वाटेवर, गडचिरोली सोडून पोर्ल्याच्या पुढे, भर दुपारी, सरळ रस्त्यावर ती डावीकडे वळली आणि सागाच्या खोडावर आदळली. लटारूभाऊंचा पाय मोडला. जहीरभाईनं नट ढिला ठेवला, असं आरमोरीपासून चंद्रपूरपर्यंत झालं. अब्बा कुणाशी भांडले नाहीत. फक्त दुसऱ्या दिवसापासून दुकानात उतरले नाहीत. आमचं घर दुकानाच्या मागंच आहे. तिथं अंगणात निवारीच्या खाटेवर ते दिवसभर बसून असतात. डोळ्यांत मोतीबिंदू वाढलाय, त्याचं ऑपरेशनही करवून घेत नाहीत.

म्हणून ही गाडी मला बरी करायचीच होती.

२

फेब्रुवारीत मी टाय रॉडचे दोन्ही सांधे बदलले होते. मार्चमध्ये स्टिअरिंगचा डबा उघडून आतला गिअर नवा बसवला. तिसऱ्या खेपेला पुढची चाकं ज्यांवर वळतात ते किंगपिन, मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, चारही टायर, काहीच जुनं ठेवलं नाही. मशीनच्या पडद्यावर चारही चाकांचे आकडे हिरवे झाले. गाडीचं वजन चाकांवर सारखं पडतं का हे पाहायला टाकी भरून धर्मकाट्यावरही नेली. रिकामी गाडी एक हजार सहाशे नव्वद किलो भरली. मग चिचपल्लीपर्यंत चालवली. रस्ता मोकळा पाहून स्टिअरिंग सोडलं, तर गाडी रेघ मारल्यासारखी सरळ गेली.

लटारूभाऊ गाडी घेऊन गेले. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"बेटा, पोर्ल्यापर्यंत बेस आली. मंग वढाले लागली."

तीनही वेळा त्यांनी हेच सांगितलं होतं, फक्त मी लक्ष दिलं नव्हतं. बिघाड झाला तर गाडी कुठंही बिघडते. एकाच जागी बिघडत नाही. मी स्वतःला समजावलं, की तिथं रस्त्याला डावा उतार असेल, धक्क्यानं एखादा सांधा सरकत असेल. गाडी पुन्हा चंद्रपूरला मागवली, मशीनवर चढवली. आकडे हिरवेच होते. निघायच्या दिवशी सकाळी टाकी भरून धर्मकाट्यावर नेली, वजनही तेच, एक हजार सहाशे नव्वद. या वेळी लटारूभाऊंना शेजारी बसवून मीच चालवायला बसले.

मे महिना लागला होता. गडचिरोलीच्या पुढे रस्त्यावर माणूस नव्हतं. सागाची झाडं उघडी पडलेली आणि खाली वाळक्या पानांचा गुडघाभर थर. पोर्ला मागं पडलं. दोनेक किलोमीटरवर लटारूभाऊ हळूच म्हणाले, की इथं जरा हळू घे. मी कारण विचारलं नाही, वेग कमी केला.

मागं काहीतरी खचलं. आवाज झाला नाही. एखादी सवारी मागच्या सीटवर बसली की गाडी जशी हलकेच खाली दबते, तशी ती दबली. आणि माझ्या हातातलं स्टिअरिंग डावीकडे गेलं. दोन बोटं.

मी आरशात पाहिलं. मागची सीट रिकामी होती. लटारूभाऊ समोरच्या काचेकडे पाहत होते.

३

मिलच्या शेडमध्ये गाडी लावून मी टेपनं मोजलं. मागची डावी बाजू उजवीपेक्षा दोन बोटं खाली होती. स्प्रिंग शाबूत, हवा बरोबर.

मिलमध्ये धानाच्या ट्रकांसाठी काटा आहे. आधी त्यावर तांदळाचे पन्नास किलोचे चार कट्टे ठेवले. बरोबर दोनशे दाखवले, म्हणजे काट्यात खोट नव्हती. मग गाडी चढवली, आम्ही दोघं उतरलो, स्टेपनी सोडून डिकीतलं सगळं काढलं. एक हजार सातशे चाळीस.

सकाळपेक्षा पन्नास किलो जास्त. शंभर किलोमीटरवर पेट्रोल जळलं होतं, म्हणजे वजन उलट कमी भरायला हवं होतं. मी काट्याच्या खिडकीशी उभी राहून तीनदा गाडी चढवायला लावली. आकडा तोच.

मग मी मागचं दार उघडलं. डाव्या बाजूला सीटच्या चामड्यात एक उथळ खड्डा होता. जुन्या सीटला असे खड्डे पडतात. मी त्यावर तळहात दाबला, तर सीट दबेना. उजवीकडे हात सहज आत जात होता. डावीकडे सीट आधीच पूर्ण दबलेली होती.

मी सीट उचकटून बाहेर काढली आणि शेडमधल्या फरशीवर ठेवली. ती फुगून सपाट झाली. आतल्या स्प्रिंगा एकेक करून तपासल्या, सगळ्या चांगल्या होत्या. सीट परत बसवली, हात पुसायला वळले आणि पुन्हा पाहिलं. खड्डा होता.

ऊन, थकवा, उपाशी पोट, सगळी कारणं मी मनाशी मोजली. त्यातलं एकही कारण काट्यावर पन्नास किलो भरत नाही.

४

इंदुताईंनी जेवायला बसवलं. त्यांची नात दिव्यानी, लेकीची लेक, वाढत होती. नऊ तारखेला तिचं लग्न होतं, पाच दिवसांवर. इंदुताईंनी सांगितलं, की या घरातली प्रत्येक मुलगी याच गाडीत बसून सासरी गेली आणि दिव्यानीही तशीच जाईल. मी म्हटलं, या वेळी दुसरी गाडी करा. त्यांनी ताटावरून मान वर केली.

"अरीबा, लोक अजून म्हणतात का जहीरभाईनं लटारूचा पाय मोडला. मले तसं वाटत नाई, म्हणूनच गाडी तुह्याकडेच पाठवतो मी. माही नात त्यातच बसून गेली, का सगळ्यांची तोंडं आपोआप बंद होतात. तू फक्त बरी करून दे."

नवरी कुठं बसते ते मी विचारलं. दिव्यानीनंच हसत सांगितलं, की मागं, डावीकडे. तिच्या आईचाही लग्नातला फोटो तसाच आहे.

जेवण झाल्यावर मी लटारूभाऊंना गाठलं. ते मिलच्या ओट्यावर मोडका पाय लांब करून बसले होते. मी त्यांना काट्यावरचे दोन्ही आकडे सांगितले.

"शेठ असतानापासून आहे," ते म्हणाले. "येताना तिथं कोणीतरी बसते. जाताना तिथंच उतरते. मी मागं पाहत नाई. गाडी हळू करतो, बस."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी केली नाई. शेठचं वर्षश्राद्ध होतं, मले घाई होती. तर स्टिअरिंग हातातून हिसकून घेतलं, बेटा." त्यांनी पायावरून हात फिरवला. "मी कोणाले सांगू? पागल म्हटलं असतं. तुह्या बापाचं नाव खराब झालं, अन् मी गप राह्यलो."

मला राग यायला हवा होता. पण पहिल्यांदा छातीवरचं काहीतरी हललं. अब्बांनी नट ढिला ठेवला नव्हता.

५

माझी पद्धत साधी होती. कारण सापडलं, आता ते काढून टाकायचं. जाताना ते तिथं उतरतं, तर उतरू द्यायचं. नुसतं हळू करून नाही, थांबून, दार उघडून, नीट. मग चंद्रपूरला जायचं, आकडे पुन्हा तपासायचे आणि लग्नासाठी गाडी आणायची ती ब्रह्मपुरीच्या रस्त्यानं. पोर्ल्याच्या त्या जागेवरून पुन्हा जायचंच नाही. लटारूभाऊंनी ऐकून घेतलं आणि इतकंच म्हणाले, की तिथं आजवर कोणी दार उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला निघालो. ती जागा जवळ आली तशी मी स्टिअरिंगवरची पकड सैल केली. ते आपोआप फिरलं. गाडी डांबर सोडून डावीकडच्या एका जुन्या लाकूडवाटेवर उतरली, अगदी सावकाश, ओळखीच्या वाटेनं जावं तशी. शंभर पावलांवर झाडं विरळ झाली. तिथं मी इंजिन बंद केलं.

विडीसाठी तेंदूपत्ता तोडायचे दिवस होते, एरवी जंगलात माणसांचे आवाज असतात. इथं पाखरूही नव्हतं. उन्हात सागाची पानं एवढाली पसरलेली. मी खाली उतरून मागचं डावं दार पूर्ण उघडलं आणि बाजूला झाले. कुणासाठी तरी दार धरून उभं राहतात, तशी.

गाडी वर आली. दोन बोटं, एका दमात. सीटवरचं चामडं हळूहळू भरून सपाट झालं. पानं वाजली नाहीत.

मी टेप लावला. डावं-उजवं सारखं. लटारूभाऊंना सांगितलं, की झालं. ते पुढच्या सीटवर मान खाली घालून बसले होते. मला हसू येत होतं. चार वर्षांचा बिघाड दार उघडून गेला होता.

तेव्हा पानं वाजली.

आधी लांब, समोर. मग उजवीकडे. मग पाठीमागं. वाळक्या सागाच्या पानावर पाऊल पडलं की कसा आवाज येतो, ते इथल्या लहान मुलालाही माहीत असतं. आवाज जवळ येत गाडीपाशी थांबले. वाऱ्याची झुळूकही नव्हती. मला दिसत होती ती फक्त पानं; कुठं कुठं ती दबून पुन्हा वर येत होती.

दाराकडे हात गेला, पण उशीर झाला होता. गाडी डावीकडे दबली. मग ते वजन सीटवरून पलीकडे सरकलं, दुसऱ्याला जागा देण्यासाठी माणूस सरकतो तसं, आणि उजवी बाजू खाली गेली. पुन्हा डावी दबली. पुन्हा सरकलं. पुन्हा दबली. शेवटच्या वेळी, लटारूभाऊंच्या सीटच्या पाठीवर, चामड्यात चार लांबट खळगे उमटले. आत चढताना आधाराला बोटं रोवावीत तसे. खळगे भरून आले. चामडं पुन्हा गुळगुळीत झालं.

"दार लाव," लटारूभाऊ म्हणाले. "अन् चाल."

६

गडचिरोलीच्या बसस्टँडवर ते उतरले. मला म्हणाले, की गाडी इथंच सोड, तूही चल. मी नाही म्हटलं. गाडी रस्त्यात सोडून आले असते, तर लोकांनी काय म्हटलं असतं ते मला ठाऊक होतं. शिवाय ज्यानं कुणी दार उघडलं असतं, त्याचं काय झालं असतं.

वैनगंगेचा पूल ओलांडल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी हातांना जोर देत नाहीये. गाडी सरळ चालली होती. सावली गेलं, मूल गेलं. केळझरच्या जंगलात मी एकदा स्टिअरिंग पूर्ण सोडलं. एक केसभरही इकडे-तिकडे नाही. दोन्हीकडे सारखं वजन असलं की गाडी अशीच चालते. माझ्या मानेमागं कुणीतरी श्वास घेत असेल म्हणून मी कान दिला, पण तसं काही नव्हतं. फक्त सीटचं चामडं अधूनमधून करकरत होतं, लांबच्या प्रवासात बसून कंटाळलेली माणसं कूस बदलतात तसं. मी आरशात पाहिलं नाही. लटारूभाऊ का पाहत नाहीत, ते मला कळलं.

दुपारी चारच्या सुमारास गाडी अंगणात घेतली. अब्बा खाटेच्या मधोमध बसले होते. चार वर्षांत त्यांनी या गाडीकडे पाहिलं नव्हतं. इंजिनाचा आवाज ओळखून त्यांनी मान वळवली. मोतीबिंदूमुळे त्यांना रंग दिसत नाहीत, चेहरेही नाहीत. पण गाडी चाकांवर कशी बसली आहे, ते त्यांना अंधारातही दिसलं असतं.

"मागं तिघं बसवलेस," ते म्हणाले. "आधी त्यांना उतरव. मग मशीनवर घे."

मी गाडीतच बसून राहिले. मागची सीट रिकामी आहे, हे त्यांना सांगावंसं वाटलं. त्यांनी विचारलं, की उतरत का नाहीत, पाहुणे कुठले आहेत. मी काच खाली केली. इंदुताईंनी सांगितलेलं, लटारूभाऊंनी कबूल केलेलं, काट्याचे आकडे, पोर्ल्याची जागा, सगळं एका दमात सांगितलं. नट ढिला नव्हता, हे दोनदा सांगितलं. अब्बांनी ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा इतका शांत मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"परत नेलीस, तर आणखी चढतील," ते म्हणाले.

तेच मी वाटभर घोळवत होते. दार उघडलं नाही, तर चार दिवसांनी दिव्यानी त्यांच्यामध्ये बसणार. पोर्ल्याला नेलं, तर आणखी चढणार. दार कुठंतरी उघडावंच लागणार होतं, आणि दुसऱ्याच्या दारात ते उघडायचा मला हक्क नव्हता.

मी उतरले. अब्बांकडे पाहिलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

दार उघडलं. गाडी एकदा वर आली. थांबली. पुन्हा वर आली. मग बराच वेळ काही झालं नाही, आणि मग तिसऱ्यांदा. अब्बा डोळे मिटून स्प्रिंगांचा आवाज ऐकत होते. प्रत्येक वेळी त्यांनी एक बोट दुमडलं.

७

दुसऱ्या दिवशी मशीनवर सगळे आकडे हिरवे होते. काट्यावर गाडी एक हजार सहाशे ऐंशी भरली, जळलेल्या पेट्रोलइतकीच कमी. आठ तारखेला मी ती स्वतः ब्रह्मपुरीच्या रस्त्यानं आरमोरीला नेली, आणि नऊ तारखेला लटारूभाऊंनी दिव्यानीला तिच्या सासरी, वडशाला पोचवलं. गाडी कुठंही ओढली नाही. मांडवातच त्यांनी चार माणसांसमोर सांगितलं, की तो अपघात आपल्या चुकीनं झाला, जहीरभाईचा त्यात काही हात नव्हता. इंदुताईंनी माझ्या हाती अब्बांसाठी खणाच्या कापडात बांधून मिठाई दिली आणि डोळे पुसले.

एसटीनं परतताना मी ही बातमी अब्बांना कशी सांगायची, याचे शब्द जुळवत होते. घरी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. दुकानात जहीरभाईंची विचारपूस करायला दोन जुनी गिऱ्हाइकं येऊन गेल्याचं शेजाऱ्यांनी सांगितलं. मी मागच्या दारानं अंगणात गेले.

अब्बा नेहमी खाटेच्या मधोमध बसतात. आज ते पार एका कडेला होते, भिंतीला खांदा टेकवून, गुडघे आवळून. त्यांच्या उजवीकडे निवार तीन जागी खाली दबलेली होती. मिठाई त्यांच्या मांडीवर ठेवून मी सगळं सांगितलं. त्यांनी गाठ सोडली, एक तुकडा स्वतः घेतला आणि उरलेली मिठाई हलकेच उजवीकडे सरकवली.

मी त्यांच्याजवळ बसायला गेले. खाटेवर जागा नव्हती, म्हणून खाली जमिनीवर बसले.